शेवटच्या गोळीआधी लक्ष कुठे असते? खेळाडूंच्या मानसिक प्रशिक्षणाविषयी

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकाराची अंतिम फेरी सुरू होती. अमेरिकेचा मॅट एमन्स शेवटची गोळी झाडायला उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे तीन गुणांची आघाडी होती. या पातळीच्या नेमबाजीत एवढी आघाडी फार मोठी समजली जाते. त्याच्या दर्जाच्या मानाने अगदी सुमार ठरेल असा नेमही त्याला सुवर्णपदक देऊन गेला असता. त्याने नेम धरला, चाप ओढला, आणि त्याच्या लक्ष्यावर काहीच उमटले नाही. गोळी शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर लागली होती. नियमानुसार त्याला त्या गोळीचे शून्य गुण मिळाले आणि पहिल्या क्रमांकावरचा हा खेळाडू थेट आठव्या क्रमांकावर गेला.

एमन्सने नंतर सांगितलेले कारण फार बोलके आहे. एरवी तो नेम धरताना आधी लक्ष्याच्या वर लिहिलेला क्रमांक पाहत असे आणि मग बंदूक खाली लक्ष्यावर आणत असे. त्या एका गोळीच्या वेळी मात्र तो स्वतःला शांत करण्यात इतका गुंतला होता की क्रमांक पाहायचा राहून गेला. त्याचे कौशल्य कुठे गेले नव्हते, कारण गोळी जिथे रोखली होती तिथेच गेली. याच स्पर्धेत दोन दिवसांपूर्वी त्याने दुसऱ्या प्रकारात सुवर्णपदक जिंकलेले होते, म्हणजे मोठ्या अंतिम फेरीचा अनुभव नव्हता असेही म्हणता येत नाही. चुकले ते एवढेच, की ज्या क्षणी लक्ष क्रमांकावर असायला हवे होते त्या क्षणी ते स्वतःच्या मनःस्थितीवर होते.

खेळाडूंच्या मानसिक प्रशिक्षणाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डोळे मिटून बसलेला, शांत, निर्भय खेळाडू येतो, आणि मन शांत केले, भीती घालवली, आत्मविश्वास वाढवला की काम झाले असे गृहीत धरले जाते. अनेक वर्षे मुलामुलींना बॅडमिंटन शिकवताना माझी खात्री पटत गेली आहे की ही कल्पना अपुरीच नव्हे तर काही वेळा घातकही आहे. भीती घालवणे हे मानसिक प्रशिक्षणाचे काम नाही. भीती, घाई, थकवा किंवा अतिउत्साह असताना लक्ष कुठे ठेवायचे आणि ते भरकटले तर परत कसे आणायचे, याचा सराव करून घेणे हे त्याचे काम आहे. या लेखात जी तंत्रे येतील ती सगळी या एका कामाची वेगवेगळी साधने आहेत.

हा विचार नवा नाही. सायकलपटू एकटे असताना जेवढ्या वेगाने सायकल चालवतात त्यापेक्षा इतरांबरोबर असताना जास्त वेगाने चालवतात, या निरीक्षणावरून नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन अभ्यासकाने १८९८ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या मानसशास्त्रीय अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभी केली, आणि १९६५ मध्ये रोम येथे क्रीडा मानसशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तरीही आजसुद्धा कितीतरी प्रशिक्षक ‘मन घट्ट कर’ एवढ्या दोन-तीन शब्दांवर हा सगळा विषय संपवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. बॅकहँड कसा मारायचा हे आपण महिनोन्महिने शिकवतो, आणि मन घट्ट कसे करायचे हे मात्र मुलाने आपोआप ओळखावे अशी अपेक्षा धरतो.

दडपण आले की शरीरात काय होते

सामन्याआधी छातीत धडधडते, घसा कोरडा पडतो, पोटात गोळा येतो, तळहात ओले आणि गार होतात, आणि पुन्हा पुन्हा स्वच्छतागृहात जावेसे वाटते. खेळाडूला हे सगळे आपल्या दुबळेपणाचे लक्षण वाटते, पण ही शरीराची अत्यंत जुनी आणि उपयोगी व्यवस्था आहे. समोर काहीतरी महत्त्वाचे किंवा धोक्याचे आहे असे मेंदूने ठरवले की आपल्या इच्छेवाचून चालणारी मज्जासंस्था जागी होते, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलीन सोडतात, हृदय वेगाने रक्त ढकलू लागते आणि ते रक्त त्वचेकडून व पचनसंस्थेकडून काढून मोठ्या स्नायूंकडे वळवले जाते. हात गार पडतात आणि पोटात कसेसे होते ते यामुळेच. धावण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी ही तयारी उत्तम आहे. पण बोटांच्या टोकांनी करायच्या नाजूक हालचालींना तीच अडथळा ठरू शकते.

हा अडथळा किती खरा आहे हे उत्तेजक द्रव्यांविषयीच्या नियमांवरून कळते. हृदयाचे ठोके आणि हातांची थरथर कमी करणारी बीटा ब्लॉकर वर्गातील औषधे नेमबाजी आणि तिरंदाजीत निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पिस्तूल प्रकारांत दोन पदके मिळवलेल्या उत्तर कोरियाच्या किम जोंग-सु या नेमबाजाच्या चाचणीत यांपैकीच एक औषध, प्रोप्रानोलॉल, आढळले आणि त्याची दोन्ही पदके काढून घेण्यात आली. वजन उचलणाऱ्याला मात्र या औषधाने फायदा होण्याऐवजी तोटाच होईल, कारण त्याला ती उसळी हवी असते.

म्हणजे शरीर किती पेटलेले असावे याचे एकच उत्तर नाही. १९०८ मध्ये रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की काम अवघड असेल तर उत्तेजना एका मर्यादेपर्यंत उपयोगी पडते आणि त्यापुढे ती काम बिघडवू लागते. पुढे माणसांबद्दल बोलतानाही हा उलट्या वाटीसारखा आलेख सर्रास वापरला गेला. पण उंदरांवरून काढलेली रेषा प्रत्येक खेळाडूला जशीच्या तशी लावणे चुकीचे आहे. युरी हानिन या अभ्यासकाने पुढे दाखवून दिले की प्रत्येक खेळाडूची चांगल्या कामगिरीची पातळी त्याची त्याची असते. एकाच संघातल्या दोघांपैकी एक जण सामन्याआधी कोपऱ्यात गप्प बसतो आणि दुसरा उड्या मारतो, गाणी ऐकतो, मोठमोठ्याने बोलतो. यातला कोण बरोबर, हा प्रश्नच गैरलागू आहे. खेळाडूने आपल्या चांगल्या आणि वाईट सामन्यांआधी आपल्याला कसे वाटत होते हे काही महिने लिहून ठेवले तर त्याला आपली पातळी आपोआप दिसू लागते.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. धडधडणाऱ्या छातीचा अर्थ आपण काय लावतो यानेही फरक पडतो. हार्वर्डमधील अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना गाणे, भाषण आणि गणिते अशी घाबरवणारी कामे दिली होती. ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. हे प्रयोग मैदानावरचे नव्हते, पण त्यांमागचे कारण खेळाडूलाही लागू पडण्यासारखे आहे. उसळलेल्या शरीराला एकदम शांत करणे अवघड असते, आणि उत्सुकता व भीती या दोन्हींत छाती सारखीच धडधडते. त्यामुळे एकीतून दुसरीत जायला फार लांबचा पल्ला गाठावा लागत नाही.

सरावात वाघ, सामन्यात शेळी

‘प्रॅक्टिसला काय खेळतो! मॅचला मात्र हात आखडतो.’ ही तक्रार प्रत्येक खेळातल्या प्रत्येक प्रशिक्षकाने कधी ना कधी केलेली असते. ज्याला एखादी गोष्ट येत नाही त्याने ती चुकवणे समजू शकते. पण जी गोष्ट हजारो वेळा केली आहे तीच ऐन मोक्याच्या क्षणी का हुकते?

आपली सही करून पाहा. ती एका झटक्यात होते. आता तीच सही, प्रत्येक वळण कसे काढतो याकडे बारकाईने लक्ष देत, हळूहळू करून पाहा. ती सही आपली वाटणार नाही. पक्के मुरलेले कौशल्य मेंदू एका सलग लयीत चालवतो. त्यातला एकेक तुकडा सुटा करून त्यावर जाणीवपूर्वक ताबा ठेवायला गेलो की लय तुटते. दडपणाखाली खेळाडू नेमके हेच करतो. चूक परवडणार नाही असे वाटल्यामुळे तो एरवी आपोआप होणाऱ्या हालचालीवर पहारा बसवतो.

सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात फुटबॉलपटूंना शंकूंमधून चेंडू नेण्यास सांगितले होते. एकदा त्यांनी पायाची कोणती बाजू चेंडूला लागते आहे याकडे लक्ष द्यायचे होते, तर एकदा कानावर पडणाऱ्या शब्दांतून ठरावीक शब्द ओळखायचा होता. अनुभवी खेळाडू आपल्या सवयीच्या पायाने खेळताना पायाकडे लक्ष दिल्यावर मंदावले, आणि शब्द ऐकत असताना मात्र त्यांचा खेळ चांगला झाला. नवशिक्यांच्या बाबतीत उलटे घडले. त्यांना पायाकडे लक्ष देण्याचा फायदाच झाला. यातून प्रशिक्षकाने घ्यायचा बोध स्पष्ट आहे: नवशिक्याला दिलेली तांत्रिक सूचना त्याला पुढे नेते, पण तीच सूचना मुरलेल्या खेळाडूला अंतिम सामन्याच्या मध्यंतरात दिली तर त्याचा पाय अडखळू शकतो. ‘मनगट जरा सैल ठेव’ असे शेवटच्या गुणाआधी ओरडून सांगणाऱ्यांचा हेतू कितीही चांगला असला तरी परिणाम चांगला होत नाही.

लक्ष भरकटण्याची दुसरी दिशा याच्या उलट आहे. हालचालीवर पहारा बसवण्याऐवजी मन खेळातून बाहेरच पडते. हरलो तर काय होईल, निवड समितीचे सदस्य कुठे बसले आहेत, मघाशी तो सोपा गुण कसा गेला, घरचे काय म्हणतील, या विचारांत खेळायला लागणारी जागाच उरत नाही. एमन्सचे उदाहरण मला या दोन्हींहून वेगळे वाटते आणि म्हणूनच ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. तो निकालाचा विचार करत नव्हता आणि हाताच्या हालचालीवर पहाराही देत नव्हता. तो शांत होण्याचा प्रयत्न करत होता, म्हणजे ज्याला आपण सहसा चांगली सवय म्हणतो तीच गोष्ट करत होता. पण त्या प्रयत्नाने त्याच्या ठरलेल्या क्रमातली एक पायरी खाऊन टाकली.

याच संदर्भात ‘करू नकोस’ या सूचनेबद्दल बोलले पाहिजे. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले की तेच अस्वल मनात येत राहते, हे डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये प्रयोगातून दाखवले. पुढे त्यांनीच गोल्फचा चेंडू ढकलणाऱ्यांना ‘छिद्राच्या पलीकडे जाऊ देऊ नका’ अशी सूचना देऊन पाहिली, आणि मनावर दुसऱ्या कामाचा भार असताना तीच चूक अधिक होते असे आढळले. एखादी गोष्ट टाळायची तर मनाला तिच्यावर सतत नजर ठेवावी लागते, आणि मन थकले किंवा गुंतले की नजर तेवढी उरते आणि आवर सुटतो. ‘नेटमध्ये मारू नकोस’ असे म्हणण्याची माझी सवय सुटायला फार वर्षे लागली. आता मी ‘नेटच्या हातभर वरून’ असे म्हणते. दोन्हींचा हेतू एकच आहे, पण दुसरी सूचना नजरेला जागा दाखवते.

लक्ष ठेवायला जागा देणे

हे एकदा समजले की मानसिक प्रशिक्षणातली बहुतेक साधने एकाच धाग्यात ओवता येतात. त्यांतले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी शिकवले जाणारे साधन म्हणजे कृतीआधीचा ठरलेला क्रम.

माझ्याकडे सराव करणाऱ्या एका सोळा वर्षांच्या मुलीची सर्व्हिस १९-२० अशा गुणांवर, म्हणजे आणखी एक गुण गेला की गेम गेला अशा वेळी, हमखास नेटमध्ये जायची. आम्ही तिचा क्रम बसवला. गुण संपला की रॅकेट डाव्या हातात घ्यायची आणि कोर्टाकडे पाठ करायची. रॅकेट डाव्या हातात असेपर्यंत मागच्या गुणाबद्दल काय वाटायचे ते वाटू द्यायचे. मग रॅकेट उजव्या हातात घेऊन वळायचे, म्हणजे मागचा गुण संपला. सर्व्हिसच्या रेषेजवळ पाय ठेवायचे, शटलची पिसे दोन बोटांत धरायची, एक श्वास नाकाने घेऊन तोंडाने सावकाश सोडायचा, नजर नेटच्या वरच्या पांढऱ्या पट्टीवर समोरच्या एका ठिकाणी टेकवायची, मनात ‘पट्टी’ हा एकच शब्द म्हणायचा आणि मारायचे. यात मनगट, कोपर किंवा खांदा यांचा उल्लेख कुठेही नाही हे मुद्दाम पाहावे. तिच्या मनगटाला काय करायचे ते माहीत होते; त्याला कोणी अडवू नये एवढीच सोय करायची होती.

या छोट्या क्रमात अनेक गोष्टी एकत्र आल्या आहेत. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा मोठा ठेवायचा. मिनिटाला साधारण सहा श्वास इतकी संथ लय शरीराला लवकर सावरते, पण ती सामन्याआधी किंवा विश्रांतीत वापरायची, आणि दोन गुणांच्या मधे एक पुरा उच्छ्वासच पुरतो. नजर एका ठिकाणी टेकवण्यामागेही अभ्यास आहे. कॅल्गरी विद्यापीठातील जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली मोजून असे दाखवले की बास्केटबॉलमधील फ्री थ्रोसारख्या कृतीत निष्णात खेळाडूंची शेवटची नजर लक्ष्यावर लवकर स्थिरावते आणि अधिक काळ टिकते. या स्थिर नजरेचा सराव करता येतो. आणि तो एक शब्द म्हणजे स्वतःशी केलेल्या बोलण्याचा सर्वांत उपयोगी प्रकार आहे. ‘मी सर्वोत्तम आहे’ अशी मोठी वाक्ये खेळाडूला आवडत असतील तर म्हणू द्यावीत, पण ज्या वाक्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही ते वाक्य कठीण क्षणी पहिल्यांदा कोसळते. ‘पट्टी’, ‘लांब’, ‘लय’ अशा शब्दांवर विश्वास असण्या-नसण्याचा प्रश्नच येत नाही. ते फक्त लक्ष जागेवर आणतात.

क्रम ठरवणे सोपे आहे आणि तो पाळणे अवघड आहे. तो सरावातल्या प्रत्येक सर्व्हिसला केला तरच सामन्यात आपोआप होतो. फक्त महत्त्वाच्या गुणांवर केलेला क्रम उलट ‘आता संकट आहे’ असा निरोप मनाला देतो.

मनातला सराव

डोळे मिटून कृती मनात पाहणे, ज्याला बरेच जण व्हिज्युअलायझेशन म्हणतात, हे साधन सर्वाधिक प्रसिद्ध आहे आणि त्याबद्दल अतिशयोक्तीही सर्वाधिक होते. ते खरोखर काम करते याचा एक सुंदर पुरावा १९९२ मध्ये ग्वांग यू आणि केली कोल यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मिळतो. चार आठवड्यांच्या प्रशिक्षणात एका गटाने करंगळी बाजूला ढकलण्याचा प्रत्यक्ष व्यायाम केला आणि दुसऱ्या गटाने स्नायू न आवळता फक्त तशी कल्पना केली. प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ताकद सरासरी ३० टक्क्यांनी वाढली, आणि केवळ कल्पना करणाऱ्यांचीही २२ टक्क्यांनी. स्नायू वाढले नव्हते. मेंदूकडून स्नायूला जाणारा आदेश सुधारला होता. मात्र ही करंगळी होती, मांडी नव्हे, हे विसरू नये. प्रत्यक्ष सरावाची जागा मनातला सराव घेऊ शकत नाही; तो दुखापतीच्या काळात, प्रवासात आणि थकलेल्या शरीराला विश्रांती देताना प्रत्यक्ष सरावाला जोड देतो.

तो कसा करावा याबद्दल दोन गोष्टी माझ्या अनुभवाने मी आग्रहाने सांगते. चित्र स्वतःच्या डोळ्यांतून दिसणारे, खऱ्या वेगाचे आणि अंगाला जाणवणारे असावे: मुठीतली पकड, बुटाचा जमिनीवरचा आवाज, घामाने चिकटलेला शर्ट. शक्य असेल तर खेळाचा पोशाख घालून, उभे राहून, हातात साहित्य घेऊन करावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. फक्त विजयाचे चित्र पाहू नये. बिघाडाचे आणि त्यानंतर काय करायचे याचेही चित्र पाहावे. अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स आणि त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन यांनी ही तयारी वर्षानुवर्षे केली होती. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरले आणि शेवटच्या टप्प्यात त्याला जवळजवळ काहीच दिसेनासे झाले. तो हातांचे फेरे मोजत गेला, भिंत कधी येणार हे त्याला मोजणीवरून कळत होते, आणि त्याने १ मिनिट ५२.०३ सेकंदांत नवा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले. गॉगलने दगा दिल्यावर लक्ष कुठे न्यायचे याचे उत्तर त्याच्याजवळ आधीपासून होते.

दडपण सरावात आणणे

ज्या शांततेत आपण सराव करतो ती शांतता सामन्यात नसते. मग सामन्यासारखे दडपण सरावातच का आणू नये? नेदरलँड्समधील संशोधकांनी हा प्रश्न प्रयोगाने तपासला. त्यांनी काही जणांना चढाईच्या भिंतीवर उंच लटकत असताना डार्ट फेकण्याचा सराव दिला, म्हणजे सरावातच थोडी भीती मिसळली. नंतर दडपणाखाली चाचणी घेतली तेव्हा अशा सरावातून गेलेल्यांची कामगिरी टिकली, तर निश्चिंतपणे सराव केलेल्यांची घसरली. दडपण अगदी खऱ्या सामन्याएवढे असावे लागत नाही. सौम्य दडपणाचीही लस लागू पडते.

हे करताना मी एक चूक केली आहे आणि ती इतरांनी करू नये म्हणून सांगते. सरावाच्या शेवटी एका मुलाने सर्व्हिस चुकवली तर सगळ्यांनी मैदानाला पाच फेऱ्या मारायच्या, असा नियम मी काही काळ ठेवला होता. दडपण आले खरे, पण ते चुकीचे होते. मुले शटलकडे पाहण्याऐवजी एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहू लागली, आणि ज्या मुलामुळे फेऱ्या माराव्या लागल्या तो दुसऱ्या दिवशी आला नाही. आता मी इतकेच करते की दमलेल्या अवस्थेत, बाकीचे सगळे बसून पाहत असताना, मोठ्याने ‘१९-२०’ असा गुण जाहीर करून एकच सर्व्हिस मारायला सांगते. चुकली तर पुन्हा संधी नाही, रॅकेट पिशवीत ठेवायची आणि घरी जायचे. ‘फक्त एकच’ एवढ्यानेही तळहात ओले होतात. दडपण कामाचे असावे, अपमानाचे नसावे.

ध्येयांबद्दल थोडक्यात सांगायचे तर पदक हे ध्येय वर्षभर पहाटे उठायला उपयोगी आहे, पण कोर्टावर पाऊल ठेवल्यावर ते निरुपयोगी ठरते, कारण ते प्रतिस्पर्ध्याच्याही हातात असते. सामन्यासाठीचे ध्येय पूर्णपणे आपल्या हातातले असावे, जसे ‘प्रत्येक सर्व्हिसआधी पुरा श्वास’.

या साधनांच्या मर्यादा

मानसिक प्रशिक्षण घेतलेला खेळाडू कधीच ढासळत नाही असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. अथेन्सनंतर चार वर्षांनी बीजिंगमध्ये एमन्स त्याच प्रकारात पुन्हा शेवटच्या गोळीपर्यंत आघाडीवर होता. त्या गोळीला त्याला ४.४ गुण मिळाले आणि तो चौथा आला. २०१२ मध्ये लंडनला तो पुन्हा आला. तिथेही शेवटच्या गोळीला ७.६ गुण मिळाल्याने तो दुसऱ्यावरून तिसऱ्या क्रमांकावर आला, पण या वेळी या प्रकारातले पदक त्याच्या गळ्यात पडले. ऑलिंपिकच्या पातळीवर तीन वेळा शेवटच्या गोळीपर्यंत पदकाच्या शर्यतीत राहणाऱ्याला कमकुवत मनाचा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. मानसिक प्रशिक्षण आणि मानसिक आरोग्यावरचे उपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलै २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या सांघिक अंतिम फेरीत, अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स व्हॉल्ट करताना हवेत असताना आपल्या शरीराची दिशा हरवून बसली. अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या तिथे दीडच झाल्या, आणि तिने माघार घेतली. जिम्नॅस्टिक्समध्ये हवेतले भान जाणे म्हणजे मान मोडण्याचा धोका असतो. त्या वेळी ‘मन घट्ट कर’ म्हणणाऱ्यांनी तिला काय करायला सांगितले होते याचा विचार केला की अंगावर काटा येतो. तिने त्याच ऑलिंपिकमध्ये पुढे बॅलन्स बीमवर कांस्यपदक मिळवले, आणि २०२४ मध्ये पॅरिसला तीन सुवर्णपदके जिंकली. ज्या फेल्प्सची मनाची तयारी वर कौतुकाने सांगितली, तोही आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलला आहे. लक्ष आवरण्याचे उत्तम कौशल्य असलेला माणूसही आजारी पडू शकतो. झोप उडणे, खाण्यावरची वासना जाणे, खेळातलाच नव्हे तर सगळ्यांतलाच रस संपणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे आठवड्यांमागून आठवडे टिकली तर तो विषय श्वासाच्या व्यायामाचा राहत नाही. तिथे प्रशिक्षकाने बाजूला होऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याची वाट मोकळी करून दिली पाहिजे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी सगळी साधने एकदम हाती घेऊ नयेत. एका कृतीसाठी एक क्रम ठरवावा, तो किमान दोन महिने प्रत्येक सरावात पाळावा, आणि एक वही ठेवावी. त्या वहीत गुणसंख्या लिहिण्याची गरज नाही. मी मुलांना हरलेल्या सामन्यानंतर लगेच काही विचारत नाही. पाणी पिऊन, कपडे बदलून झाल्यावर एकच प्रश्न विचारते. परवा तीच सोळा वर्षांची मुलगी तिसरा गेम १९-२१ असा हरून आली. बराच वेळ ती बुटाच्या नाड्या सोडत बसली होती. मी विचारले, “शेवटच्या सर्व्हिसच्या आधी लक्ष कुठे होतं?” तिने मान वर न करता सांगितले, “मॅडम, रॅकेट उजव्या हातात घेतली, पण मी अजून मागच्या पॉइंटलाच होते.” हे तिने स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिले. दुसऱ्या दिवशीच्या सरावाची सुरुवात आम्ही तिथूनच केली: मी मुद्दाम तिचा एक गुण चुकीचा ‘आउट’ द्यायचा, आणि तिने रॅकेटचा हात बदलून, वळून, पट्टी शोधायची.